नऊ इंची भिंतीला आतून इन्सुलेशन: इंग्लंडमधल्या जुन्या टेरेस घरासाठी

लेस्टर, बर्मिंगहॅम, रीडिंग किंवा पूर्व लंडनमध्ये १९१९ पूर्वीचं टेरेस घर, म्हणजे शेजारच्या घरांना भिंतीने जोडलेलं ओळीतलं घर, घेतलं की पहिल्याच हिवाळ्यात कळतं: हीटिंग चालू आहे तोवर खोली गरम, बंद केलं की थोड्याच वेळात गार. बाहेरची भिंत म्हणजे नऊ इंच भरीव वीट. मध्ये पोकळी नाही, त्यामुळे पोकळीत इन्सुलेशन फुंकून भरायचा स्वस्त मार्ग बंद. दर्शनी वीट झाकायची नसेल तर बाहेरून आवरणही नाही. उरतो आतला मार्ग. तो नीट केला तर खोलीचा नूर पालटतो, घाईने केला तर मजल्याच्या तुळयांची टोकं कुजतात आणि ते काही वर्षं कुणाला दिसतही नाही. म्हणून इथे जाडीपेक्षा ओल आणि कडा यांवरच जास्त लिहिलं आहे.

आधी भिंत कोणती आहे ते ओळखा. बाहेर उभं राहून विटांचे थर बघा. एकाच थरात एक लांब वीट, मग विटेचं आखूड तोंड, पुन्हा लांब, असं दिसलं तर तो फ्लेमिश बाँड. एक थर सगळा लांब विटांचा आणि मग एक सगळा तोंडांचा असेल तर इंग्लिश बाँड. दोन्ही भरीव भिंती. सगळ्याच विटा लांब दिसल्या तर बहुधा आत पोकळी आहे. बाहेरून गिलावा किंवा खडीचा थर असेल तर दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजा; २६० मिमीपेक्षा कमी भरली तर भरीव समजायला हरकत नाही. घराची प्रत्येक भिंत वेगळी तपासा. मागच्या बाजूच्या जोडखोलीची भिंत कधी कधी साडेचार इंचीच निघते, तिच्यावर पावसाचं पाणी सहज आरपार येतं आणि तिला हा उपाय लागू नाही.

ओल आधी, इन्सुलेशन नंतर

आज तुमची भिंत आतल्या उष्णतेमुळे वाळते. हीटिंगचे पैसे वाया जातात हे खरं, पण त्याच वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीट कोरडी राहते. आतून इन्सुलेशन लावलं की वीट गार पडते आणि पावसात भिजलेली भिंत वाळायला जास्त दिवस लागतात. आधीच ओली असलेली भिंत झाकली तर ती ओलीच राहणार. थंडीत भिजलेल्या विटेतलं पाणी गोठून विटेचे पापुद्रे सुटतात, तेही वाढणार.

जोराचा पाऊस पडत असताना छत्री घेऊन घराभोवती फिरा, कोरड्या दिवशी यातलं काही दिसत नाही. पन्हळीच्या जोडातून पाणी गळतंय का, उतरत्या पाइपामागे हिरवट पट्टा आहे का, ते बघा. खिडकीखालच्या दगडी पट्टीच्या तळाला हात लावून पाहा: तिथे पुढच्या कडेला समांतर एक खाच असते. पट्टीवरून ओघळणारं पाणी त्या खाचेपाशी थांबून खाली टपकावं यासाठी ती कोरलेली असते. शंभर वर्षांच्या रंगाने ती बुजली की पाणी पट्टीच्या तळाने मागे सरकतं आणि थेट विटेत मुरतं. खिडकीखालचा गिलावा नेहमी फुगत असेल तर आधी ही खाच खरवडून मोकळी करा. पाच मिनिटांचं काम आहे.

बाहेरची जमीन ओलरोधक थरापेक्षा १५० मिमी खाली हवी. जुन्या घरात हा थर म्हणजे खालच्या विटांमधली स्लेटची काळपट रेघ. मागच्या अंगणात फरशीवर फरशी चढवत जमीन त्या रेघेच्या वर गेलेली असते, ती उतरवा. लाकडी तळमजल्याखाली हवा खेळवणाऱ्या जाळीच्या विटाही मोकळ्या करा आणि पुढे कधीच बुजवू नका.

विटांमधल्या दरजा सिमेंटने भरल्या असतील तर त्या काढाव्या लागतील. सिमेंट कडक, जुनी वीट मऊ. दोन्हींच्या मधे केसाएवढी चीर पडते, तिच्यातून पाणी आत जातं आणि सिमेंटमुळे बाहेर येऊ शकत नाही. छिन्नी-हातोड्याने साधारण २५ मिमी खोल, किंवा दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, खरवडून चुन्याच्या मसाल्याने भरा. ग्राइंडर वापरणारा गवंडी विटांच्या कडा कापून ठेवतो आणि ते पुन्हा दुरुस्त होत नाही, म्हणून काम देतानाच हे बजावून ठेवा.

आतल्या बाजूने तळाच्या मीटरभर उंचीत सिमेंटचा किंवा जलरोधक गिलावा सापडला तर तोही काढा. ओलीची फुकट तपासणी करून भिंतीत रसायन टोचण्याचा सल्ला देणाऱ्यांपासून जपून राहा. दोन टोकं टोचून ओल मोजणारा मीटर भिंतीतल्या क्षारांवरही जास्त आकडा दाखवतो, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर निर्णय घ्यायचा नसतो.

दुरुस्ती झाली की भिंतीला वेळ द्या. भिजलेली वीट महिन्याला साधारण एक इंच वाळते असा ठोकताळा आहे. नऊ इंच म्हणजे नऊ महिने. नूतनीकरणात हा वेळ कुणालाच परवडत नाही, म्हणून बाहेरची कामं घर ताब्यात आल्या आठवड्यात सुरू करा आणि स्वयंपाकघर-न्हाणीघर मधल्या काळात उरका.

किती जाड आणि कशाचं

नऊ इंची भिंतीची यू-व्हॅल्यू, म्हणजे आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता निसटते तो आकडा, पूर्वी २.१ धरत. प्रत्यक्ष मोजमापांनंतर तो आता १.७ धरतात. त्यावर लाकडी तंतूंचा बोर्ड लावला तर काय होतं ते बघा. ४० मिमी बोर्डाने आकडा साधारण ०.६४ वर येतो. ६० मिमीने ०.४९. १०० मिमीने ०.३४. पहिल्या ४० मिमीतच साठ टक्क्यांहून जास्त गळती थांबते. त्यापुढच्या ६० मिमीला आणखी जेमतेम अठरा टक्के मिळतात.

आता याची दुसरी बाजू. आत २० अंश, बाहेर शून्य असताना बोर्ड आणि वीट यांच्या सांध्यावर ४० मिमीला सुमारे ६ अंश असतात, १०० मिमीला ३. खोलीत ६० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, १२ अंश. म्हणजे ४० मिमीचा पातळ बोर्ड घेतला तरी त्यामागची वीट दवबिंदूच्या खालीच राहणार, आणि जाडी वाढवाल तशी आणखी गार होणार. म्हणून ४० ते ६० मिमी हा आमच्या मते जुन्या विटेसाठी योग्य पल्ला आहे. पश्चिम किंवा नैर्ऋत्येकडे उघडी असलेली, वाऱ्यासह पाऊस झेलणारी भिंत असेल तर ४० वर थांबा. वेल्स, कॉर्नवॉल, लँकेशायरसारख्या भागांत तर नक्कीच.

बाजारात सगळ्यात सहज मिळतो तो फॉइल लावलेला पीआयआर (प्लास्टिकचा कडक) फोम. ६० मिमीत तो यू-व्हॅल्यू ०.३० वर आणतो, जागा कमी खातो, म्हणून ठेकेदार तोच सुचवतात. नव्या, सरळ, कोरड्या भिंतीला तो ठीक. जुन्या भिंतीत अडचण अशी की फॉइल बाष्प अडवतं, म्हणजे बाहेरून शिरलेलं पाणी आतल्या बाजूने वाळण्याची वाटही बंद करतं. शिवाय फॉइलला प्रत्येक सॉकेटपाशी, प्रत्येक तुळईपाशी भोक पडतं आणि खोलीतली दमट हवा नेमकी तिथून मागे शिरते. लाकडी तंतूंचा बोर्ड बाष्प शोषतो, पसरवतो आणि हवा कोरडी झाली की परत सोडतो. बाष्प रोखून धरण्यापेक्षा त्याला परतीची वाट ठेवणं जुन्या भिंतीला मानवतं. तळघरालगत किंवा क्षारांचा त्रास असलेल्या ठिकाणी ३० ते ५० मिमी कॅल्शियम सिलिकेट बोर्ड बरा. त्याची उष्णतारोधकता कमी, पण ओलीने तो कुजत नाही.

सामानाचा हिशोब

उदाहरण म्हणून पहिल्या मजल्यावरची पुढची बेडरूम घेऊ. भिंत ४.२ × २.६ मीटर, त्यात १.२ × १.५ मीटरची एक खिडकी. निव्वळ क्षेत्रफळ ९.१ चौरस मीटर. ६० मिमीचे १२०० × ६०० मिमी आकाराचे बोर्ड, कापण्यातली तूट धरून १५. खिडकीच्या कडांसाठी २० मिमीचे दोन. भिंत सपाट करायला १० मिमी चुन्याचा थर: मिलिमीटरला चौरस मीटरमागे सुमारे १.४ किलो धरून १३० किलो, म्हणजे २५ किलोच्या सहा पिशव्या. बोर्ड चिकटवायला आणि त्यावर जाळी बसवायला प्रत्येकी ५ मिमी, मिळून आणखी सहा पिशव्या. शेवटचा ३ मिमी थर दोन पिशव्या. काचतंतूंची जाळी ११ चौरस मीटर. रुंद टोपीचे प्लास्टिकचे खिळे चौरस मीटरला सहा, म्हणजे साठेक. मसाल्याचं नेमकं प्रमाण पिशवीवर पाहून घ्या, कंपनीगणिक ते बदलतं.

खोली सुमारे ८० मिमी आत येते, पण जुना गिलावा निघाल्याने त्यातले १५ ते २५ मिमी परत मिळतात. आत-बाहेर २० अंशांचा फरक असताना या एका भिंतीतून ३१० वॉट जात होते, ते ९० वर येतात.

कामाचा क्रम

खरवडण्याआधी दोन तपासण्या. गिलाव्यावर किंवा छतावर नक्षीदार आर्टेक्सचा लेप असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्या. २००० पूर्वीच्या आर्टेक्समध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची लाकडी पट्टी) आणि खिडक्यांच्या जुन्या रंगात शिसं असतं, तो कोरडा घासू नका.

वॉलपेपर, रंग, जिप्समचा गिलावा विटेपर्यंत काढा. जुना चुन्याचा गिलावा घट्ट असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत नसेल, तर तो ठेवता येतो. फक्त वरचा रंग खरवडा. मोकळ्या विटेवर ब्रश मारा, पाणी शिंपडा आणि १० मिमी चुन्याचा थर ओढा. हा थर दोन कामं करतो: भिंत सपाट होते आणि विटांच्या फटींतून येणारी हवा बंद होते. दिवसाला एक मिमी या हिशोबाने तो वाळू द्या. हीटर लावून घाई केली तर चिरा पडतात.

मग बोर्ड. मसाला बोर्डच्या संपूर्ण पाठीला १० मिमी दात्यांच्या थापीने लावा. ठिपके-ठिपके लावून बोर्ड दाबायची पद्धत इथे घातक आहे. ठिपक्यांमधली पोकळी एकमेकींना जोडलेली असते, खोलीतली हवा स्कर्टिंगखालून शिरते, गार विटेवर तिचं पाणी होतं आणि ते कुणालाही न दिसता साचत राहतं. पहिली ओळ लेझरने किंवा पाणसळीने समतल लावा, जमिनीपासून १० मिमी सोडून. पुढच्या ओळीचे उभे सांधे विटांसारखेच सरकवून घ्या. खिडकीच्या कोपऱ्यावर सांधा येऊ देऊ नका. तिथे बोर्ड एल आकारात कापा. सांध्यात २ मिमीपेक्षा मोठी फट राहिली तर तिच्यात बोर्डाचीच पट्टी ठोका, मसाला भरू नका. मसाल्याची प्रत्येक रेघ थंडीला वाट देते आणि दोन हिवाळ्यांत भिंतीवर काळसर रेषा म्हणून उमटते.

मसाला धरला की खिळे मारा. विटेत किमान ५० मिमी रुततील एवढे लांब घ्या आणि दरजेत न मारता विटेत मारा. वर ५ मिमी चुन्याचा थर, त्यात जाळी दाबून बसवा, पट्ट्यांची एकमेकींवर १०० मिमी चढ ठेवा. खिडकीच्या चारही कोपऱ्यांवर २०० × ३०० मिमीचे जाळीचे तुकडे ४५ अंशांत तिरके लावा, नाहीतर पहिली चीर तिथूनच निघेल. आठवडाभराने ३ मिमीचा शेवटचा थर. रंग सिलिकेट, चुन्याचा किंवा मातीचा. विनाइल इमल्शन मारलंत तर एवढं सगळं करून शेवटी भिंतीवर प्लास्टिक ओढल्यासारखं होईल.

तापमान ५ अंशांच्या वर असतानाच चुन्याचं काम करा. हातमोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा हवाच. चुना डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते.

वीज आणि जड सामान यांचं नियोजन बोर्डच्या आधी होतं. इन्सुलेशनमध्ये गाडलेली वायर तापते आणि तिची क्षमता घटते, म्हणून जाडी किती येणार ते इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा. शक्य तितके सॉकेट आतल्या भिंतींवर हलवा. रेडिएटर किंवा देव्हाऱ्याची फळी जिथे येणार तिथे बोर्डच्या जाडीचे लाकडी ठोकळे विटेला आधी घट्ट बसवून घ्या. स्वयंपाकघरातल्या कपाटांसाठी सलग फळी बसवावी, वरणभाताच्या भांड्यांचं वजन कमी नसतं.

तुळयांची टोकं

सगळ्यात महाग चूक इथे होते. पुष्कळ टेरेस घरांत वरच्या मजल्याच्या तुळया पुढून मागे जातात आणि त्यांची टोकं बाहेरच्या भिंतीत चार इंच खोल घुसलेली असतात. म्हणजे लाकडाचं टोक आणि बाहेरचा पाऊस यांच्यात जेमतेम अर्धी वीट. आजवर खोलीच्या उष्णतेने ते टोक कोरडं राहिलं. आता ते गार होणार.

भिंतीलगतच्या दोन-तीन फळ्या उचला आणि प्रत्येक टोक बघा. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. लाकूड मऊ लागलं, चौकोनी तुकड्यांत तडकलेलं दिसलं किंवा करड्या-पांढऱ्या धाग्यांचं जाळं आढळलं तर काम थांबवून सुतार आणि ओलीचा जाणकार स्वतंत्र सर्वेक्षक बोलवा. लाकडातली ओल मीटरने मोजा. १८ टक्क्यांखाली असेल तर पुढे जा. २० च्या वर असेल तर त्या भिंतीला तूर्त हात लावू नका, पाणी कुठून येतं ते आधी शोधा.

टोकं कोरडी असतील तर मजल्याच्या पोकळीतही तुळयांच्या मधली वीट चुन्याने लिंपा. विटेत शिरणाऱ्या लाकडाभोवतीची फट हवाबंद पट्टीने किंवा मऊ सीलंटने बंद करा. खोलीतली दमट हवा त्या खोबणीत शिरता कामा नये, हा त्यामागचा मुद्दा. पोकळीत इन्सुलेशन लावायचं की नाही यावर जाणकारांत मतभेद आहेत. पावसाच्या बाजूच्या भिंतीत आम्ही तिथे वीट उघडी ठेवायच्या बाजूचे आहोत: थोडी उष्णता गळते, पण तुळईचं टोक उबदार राहतं. आडोशाच्या भिंतीत ४० मिमी चालतं.

कडा आणि कोपरे

मोठी भिंत उबदार झाली की थंडी उरलेल्या कडांवर दिसू लागते. खिडकीच्या बाजू आणि वरची कड तशीच सोडली तर पहिल्याच जानेवारीत तिथे बुरशी येते. २० अंशांच्या आणि ६० टक्के आर्द्रतेच्या खोलीत पृष्ठभाग साधारण १५ अंशांवर आला की बुरशीला पुरेसं होतं. तिथला जुना गिलावा काढून २० मिमी बोर्ड बसवा. चौकट आड येत असेल तर निदान बुचाच्या चुऱ्याचा चुना-गिलावा द्या. शेजाऱ्यासोबतची सामाईक भिंत जिथे बाहेरच्या भिंतीला भिडते तिथून आत ४०० ते ६०० मिमीची पट्टी २० मिमी बोर्डाने झाका. जागा जाते, पण कोपऱ्यातल्या कपाटामागची बुरशी टळते.

हवा

फटी बुजल्या की वाफेला जायला जागा उरत नाही. आपल्या घरात कुकर रोज शिजतो, फोडणी होते, डाळ उकळते, हिवाळ्यात कपडे आतच वाळतात. स्वयंपाकघराचा पंखा बाहेर हवा फेकणारा हवा, शेगडीवरच्या हुडचा असेल तर सेकंदाला ३० लिटर, अन्यत्र असेल तर ६०. कोळशाच्या जाळीतून हवा परत खोलीत सोडणारा हुड वास कमी करतो, वाफ नाही. न्हाणीघराला १५ लिटर. साधा आर्द्रतामापक दिवाणखान्यात ठेवा आणि आकडा ४० ते ६० मध्ये राखा.

परवानग्या आणि कर

इंग्लंडच्या नियमांत एखाद्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीचा अर्ध्याहून जास्त गिलावा काढला की ती भिंत सुधारण्याचं बंधन येतं आणि यू-व्हॅल्यूचं लक्ष्य ०.३० असतं. पण बाष्प शोषून सोडणाऱ्या जुन्या बांधकामाला, ओलीने नुकसान होणार असेल तर, सवलत आहे. ०.४९ का निवडलं ते बिल्डिंग कंट्रोलला (बांधकाम नियमात आहे का ते तपासणाऱ्या विभागाला) सुरुवातीलाच लेखी कळवा. घर लिस्टेड, म्हणजे सरकारच्या वारसा-यादीतलं, असेल तर आतल्या कामालाही परवानगी लागते. ठेकेदाराने सामानासह बसवून दिलेल्या इन्सुलेशनवर ३१ मार्च २०२७ पर्यंत व्हॅट शून्य आहे. सामान स्वतः विकत घेतलंत तर ही सूट मिळत नाही.

काम झाल्यावर

गिलाव्याने सगळं बंद होण्याआधी सर्वात जास्त पाऊस खाणाऱ्या ठिकाणच्या एका तुळईच्या टोकात ओल मोजायचे दोन स्टीलचे स्क्रू बसवा आणि त्यांच्या तारा स्कर्टिंगमागे आणून ठेवा. पहिल्या हिवाळ्यात आकडा चढेल, कारण मसाल्याचं पाणी अजून भिंतीत असतं. फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये मोजा. सप्टेंबरपर्यंत १८ च्या खाली उतरला तर ठीक. उन्हाळा सरूनही २० च्या वर राहिला तर आधी पन्हळ आणि दरजा पुन्हा तपासा. त्यात दोष सापडला नाही तर त्या तुळयांच्या मधे, पोकळीत बोर्ड बसवला असेल तर तो काढून टाका आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा मोजा.